मागच्या माणसाचा खिसा

घरमालकाची अट एकच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

बसच्या सीटला पाठीमागे एक खिसा असतो. तो त्या सीटवर बसणाऱ्यासाठी नसतो.

एका सहा वर्षांच्या मुलीचा पुढचा दात हलतो आहे.

जीन गुडघ्यावर फाटते. पोटरीवर कधीच नाही.

"आई, हा टीशर्ट कापू?"
"काप. माझ्या अंगावरचं लुगडं तेवढं ठेव."

शाईचा डाग पडलेली चादर फेकवतही नाही आणि अंथरवतही नाही.

हे तुकडे आता जोडते. शिवण वाकडी येईल, पण उसवणार नाही.

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि स्वयंपाकघर. माणसं तीन. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नवरा बसच्या सीटा शिवतो. सासूबाई आम्हा दोघांच्या चुका काढतात आणि त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. चौथं माणूस यायचं होतं. ती सहा वर्षांची मुलगी, जिचा दात हलत होता. आम्ही तिला बालगृहात जाऊन भेटलो होतो, तिने नवऱ्याला "काका, तुमच्या बोटाला काय लागलं?" असं विचारलं होतं, आणि तो घरी येईपर्यंत ते रेक्झिनच्या सुईने भोसकलेलं बोट बक्षीस मिळाल्यासारखं वर धरून चालत होता. दत्तक घ्यायचा अर्ज, कागदपत्रं, सगळं झालं होतं. उरली होती फक्त बालगृहाच्या बाईंची घरभेट.

"वेगळी खोली हवी असं नाही," बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "पण तिची अशी जागा हवी. तिच्या वस्तू तिच्या हाताशी हव्यात. वाटलं तर आड होऊन रुसून बसता आलं पाहिजे. तेवढं नसेल तर मला होकार देता येणार नाही, आधीच सांगते."

"रुसायला जागा," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं मीही तीच शोधतोय."

"तुला कशाला जागा लागते? तू चालता चालता रुसतोस," सासूबाई म्हणाल्या.

खिळा नाही, म्हणजे फळी नाही, कपाट नाही, पार्टिशन तर नाहीच. मग काय उरतं?

कापड!

मला आठवतंय, हा शब्द आम्ही दोघं एकदमच ओरडलो. दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड आणायचा. त्यावर पडदा, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलीकडे खिडकी, पलंग आणि मुलगी. पडद्याला डाव्या टोकाला एक चीर, तोच दरवाजा. आणि पडद्यावर खिसे. खिसेच खिसे!

सासूबाईंच्या पलंगाखालचं चिंध्यांचं गाठोडं ओढून काढलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. शाईची चादर पडद्याचं मूळ कापड झाली. डागावर पहिला मोठा खिसा बसवला, डाग गेला. (अशा युक्त्या मला कुणी शिकवल्या नाहीत. नाइलाज शिकवतो.) जीनच्या पोटऱ्या कापून चपलांचे खिसे. शर्टाच्या बाहीला दोन्ही टोकांना इलॅस्टिक घातलं की आत प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबायच्या, खालून एकेक ओढायची. जुना शर्ट आहे तसा चौकोनी कापून तीन बाजूंनी शिवला की उशीचा अभ्रा, बटणं आयतीच पुढे. टीशर्टाच्या पट्ट्या कापून ताणल्या की कडा आपोआप गुंडाळतात, मग वेणी घाला, वेणी गोल फिरवत शिवा, पायपुसणं तयार. नवऱ्याने रेक्झिनच्या तुकड्यांवर कापड चढवून टोपल्या केल्या, अशा ताठ की सासूबाईंनी एकीवर बसून पाहिलं.

"मोडली नाही," त्या जरा निराश होऊन म्हणाल्या.

"आई, तुम्हीही एखादा खिसा शिवा ना."

"मला सुईत दोरा ओवायला दिसत नाही."

"मागच्याच महिन्यात मी स्वतः तुम्हाला नवा चष्मा करून दिलाय!"

"दुकानात दिसतं त्यातून. घरी नाही दिसत."

गाठोड्याच्या तळाशी एक तयार खिसा सापडला. जांभळ्या मखमलीचा, काडेपेटीएवढा, हाताने तुरपलेला, टाके इतके बारीक की उन्हात धरून शोधावे लागले. नवऱ्याला वाटलं माझा. मला वाटलं त्याचा.

"माझी ही तुरपाई? मी सुतळीने शिवणारा माणूस," तो म्हणाला. "पण यात मावणार काय? एक बटण?"

"लावून टाक रे कोपऱ्यात," सासूबाई पलीकडून म्हणाल्या. "रिकामा राहिला तर काय खायला मागणार आहे?"

मग आम्ही तोही लावला.

भेटीच्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दारात उभी राहून पडदा पाहिला आणि मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. निळ्या, पिवळ्या, चौकड्यांच्या खिशांची नुसती जत्रा! वर त्रिकोणी पताका. पिवळ्या खिशात तिच्यासाठी आणलेली खडूची पेटी. मी इकडून पाहिलं, तिकडे सरकून पाहिलं, दारातून पुन्हा आत येऊन पाहुणी असल्यासारखं पाहिलं.

बाई आल्या. बारीक अंगाच्या, खांद्याला मोठी पिशवी. पडद्यापुढे थांबून "अरे वा," म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग त्या चिरेतून आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. आम्ही बाहेर.

"ताई," बाईंनी हाक मारली. "जरा आत येता?"

मी आत गेले.

"ती इथे बसली," बाई म्हणाल्या, "आणि तिला तिची खडूची पेटी हवी आहे. ती कुठे आहे?"

"खिशात."

"कुठल्या?"

मी वर पाहिलं. खाली पाहिलं. समोर शिवणीच्या कडा, लोंबणारे दोरे, गाठी आणि शाईचा डाग. खिसा एकही नाही. सगळे खिसे बाहेर. आमच्या बाजूला.

"अरे!" मी ओरडले. "हे काय केलंस?"

नवरा आत डोकावला आणि डागाकडे पाहत राहिला. "सवय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खिसा नेहमी सीटच्या पाठीला लावतो आम्ही. मागच्या माणसासाठी. हात आपोआप तिकडेच गेला."

"आणि तुम्ही, ताई?"

मी इतक्या वेळा पडदा पाहिला, पण प्रत्येक वेळी पाहुणी होऊन. त्या पलंगावर एकदाही बसले नव्हते.

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. निघायची तयारी असते तशी. "जागा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण ती तुमची शोभा आहे. वस्तू काढायला तिने दर वेळी तुमच्यासमोर यायचं. रुसलेलं माणूस येईल का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे.

"फिरवा की मग!" पडद्याबाहेरून सासूबाई कडाडल्या. "तोंडं काय बघताय एकमेकांची? भिंत आहे का ती? पडदाच आहे ना!"

आणि मग जे सुरू झालं! नवऱ्याने स्टुलावर चढून रॉड काढला, पडदा माझ्या अंगावर कोसळला, मी आतून "धर, धर!" ओरडत होते, कुणीतरी पताकांवर पाय दिला. उलटा करून रॉड पुन्हा बसवला. खिसे आत गेले. पण चीरही डावीकडून उजवीकडे गेली आणि दरवाजात नेमका पलंग आला.

"पलंग हलवा," सासूबाई.

"आई, एकट्याने नाही हलणार."

"एकटा कशाला? या आहेत ना धडधाकट."

बाईंनी पिशवी खिडकीत ठेवली, बाह्या सारल्या आणि पलंगाचं एक टोक उचललं. "डावीकडे घ्या. तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!" पलंग पलीकडच्या भिंतीला टेकला. सगळ्यांना धाप लागली होती आणि सगळे हसत होते. बाई चिरेतून आत जाऊन पुन्हा पलंगावर बसल्या, हात लांब केला, पिवळ्या खिशात घातला आणि खडूची पेटी बाहेर काढली.

मग त्या बाहेर आल्या. आता आमच्या बाजूला गाठी, दोरे आणि डाग.

"इकडून मात्र ध्यान दिसतंय," बाई म्हणाल्या.

"दिसू दे," सासूबाई म्हणाल्या. "इकडे आम्हीच असतो. आम्हाला कुठे रुसायचंय?"

बाई निघताना दारात थांबल्या. "तिच्या चपलांचा नंबर सांगते. त्या जीनच्या खिशांत मावतील ना, बघून ठेवा."

नवऱ्याने दार लावलं आणि मला उचललं. मग सासूबाईंना उचलायला गेला आणि मार खाल्ला.

ती आली तेव्हा दात पडलेला होता. मुठीत होता, कागदात गुंडाळलेला. तिने कुणाला तो दाखवला नाही. चिरेतून आत गेली, मागे वळून चीर नीट बंद केली. आम्ही तिघं बाहेर, गाठींकडे तोंड करून, श्वास धरून उभे. आत एकेका खिशात हात जात होता. जीन. चौकडी. पिवळा. हात आत गेला की आमच्या बाजूने कापडावर तेवढाच फुगवटा यायचा आणि नवरा माझा दंड दाबायचा. फुगवटा कोपऱ्यापर्यंत आला, तिथे थांबला आणि खूप लहान झाला. एका बोटाचा.

"मावला!" आतून ती म्हणाली. दात नसल्यामुळे शब्दातून वारा गेला.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

जांभळा खिसा त्यांनी शिवला होता, नातवंडाच्या पहिल्या पडलेल्या दातासाठी, आम्ही अर्ज करायच्या कितीतरी आधी.