निम्मं वजन

काचकारखान्यात थोरलीच्या बाबांना सगळे घरकोंबडा म्हणत. पाचचा भोंगा झाला की बाकीचे चहाला वळायचे आणि हा गडी सायकलवर टांग टाकून थेट घर गाठायचा. बायको, थोरली आणि धाकटा, संपली त्यांची दुनिया. चिडवणारे चिडवून थकले, पण यांच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक पडला नाही. अशी माणसं बाहेर थट्टेचा विषय होतात आणि घराला मात्र जन्मभर पुरतात.

हे सगळं थोरलीला ठाऊक होतं. आठवत मात्र यातलं काहीच नव्हतं, आणि बाबा गेल्यापासून सहा दिवस ही एकच भीती तिला पोखरत होती.

सात वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. आधी उजवी बाजू गेली, मग बोलणं गेलं, पुढे गिळणंही धड होईना. थोरलीने नोकरी सोडली आणि हाडाची काडं करून त्यांचं सगळं केलं. आता डोळे मिटून बाबांना आठवायला जावं तर समोर यायची ती लोखंडी खाट, लघवीची पिशवी, पाठीवरची न भरणारी जखम. त्याआधीची तेहतीस वर्षं कुणी ओल्या फडक्याने पुसून काढावीत तशी गेली होती. आपण बापाची इतकी सेवा केली की बापच हरवून बसलो, असं तिला वाटे, आणि हे सांगायची सोय नव्हती.

धाकट्याचं तसं नव्हतं. परगावी नोकरी करणारा, वर्षाकाठी चार दिवस येऊन जाणारा हा पठ्ठ्या आल्यागेल्याला बाबांच्या गोष्टी रंगवून सांगत होता. बाबांनी खांद्यावर बसवून नदीचा पूर कसा दाखवला, बाबा आंघोळीला गेले की किती बेसूर गायचे. सांगता सांगता रडत होता, मध्येच हसत होता. थोरली दारात उभी राहून ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जो लांब राहिला त्याला धडधाकट बाप मिळाला, आणि जी उशाशी बसली तिच्या हाती नुसता पेशंट. हा कुठला न्याय, हे विचारायचं तरी कुणाला?

सहाव्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातला पैलवान भेटायला आला. नाव पैलवान, पण अंगकाठी अशी की फुंकर मारली तर उडेल. वीस वर्षं त्याने आणि बाबांनी मोठमोठ्या काचा जोडीने उचलल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत तो आईला म्हणाला, "वहिनी, असल्या वेळी मला बोलता येत नाही. नुसता बसतो थोडा वेळ."

"बसा भावजी," आई म्हणाली. "बोलणारे पुष्कळ येऊन गेले."

थोरलीने त्याला आणि शेजारी बसलेल्या धाकट्याला पाणी आणून दिलं. पैलवानाने मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून बसला. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. दुखवट्याच्या घरात पाणी थुंकायचं कसं? शेवटी बिचाऱ्याने तो कसाबसा गिळला, आणि यजमानांना वाईट वाटू नये म्हणून ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

धाकट्याने आपला ग्लास तिरका करून पाहिला. पाणी हलेचना. "ताई, हे काय आहे?"

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. बाबांना पातळ पाणी दिलं की ठसका लागून जीव घाबरा व्हायचा, म्हणून एक पावडर घालून ते दाट करावं लागे. सात वर्षं तिचा हात तेच करत आला होता. माणूस गेल्याचं हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

आईला हसू फुटलं, सहा दिवसांत पहिल्यांदा. "अहो भावजी, सांगायचं तरी."

पैलवान हसला नाही. त्याने ग्लास उजेडासमोर धरला. "हेच प्यायचा तो? इतकी वर्षं?" मग थोरलीकडे वळून म्हणाला, "आणखी काय काय सोसलं गं त्यानं? आम्हाला नुसतं 'तसंच आहे' एवढंच कळायचं."

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला आजाराच्या आधीचे बाबा हवे होते. थोरली खाली बसली आणि बोलत सुटली. चमच्याचमच्याने भरवणं, औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी उचलून कूस बदलणं.

"आणि हट्टी किती, काका. उचलायला मी काखेत हात घातले रे घातले की श्वास कोंडून धरायचे. छाती अशी दगडासारखी घट्ट. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, असतो काही पेशंटना असा त्रास. रोज तेच. 'बाबा, श्वास घ्या, श्वास घ्या' म्हणून मी ओरडायचे. एक-दोनदा तर वैतागून हातावर चापटही मारली."

पैलवानाने ग्लास खाली ठेवला. "पोरी, तो त्रास नव्हता," तो म्हणाला.

त्याने काच धरावी तसे दोन्ही हात छातीसमोर धरले.

"मोठी काच दोघांनी छातीशी धरून उचलायची असते. श्वासानं छाती हलली की काच हलते. आणि बोलायची सोय नाही, मशीनच्या आवाजात ऐकू काय येणार? म्हणून तुझ्या बापानंच ही रीत पाडली होती. समोरच्यानं श्वास धरला की समजायचं, त्यानं आपलं निम्मं वजन घेतलं. मग उचलायचं. वीस वर्षं मी त्याच्या छातीकडे बघून काच उचलली. माझ्या आधी त्यानं एकदाही श्वास सोडला नाही."

अर्धं अंग गेलेला, जीभ गेलेला माणूस दिवसातून बारा-बारा वेळा लेकीला सांगत होता, माझं निम्मं मी घेतलंय, उचल. आणि लेक त्याच्यावर खेकसत होती. थोरलीला आपल्या दोन्ही हातांवर ते वजन जसंच्या तसं जाणवलं. हे बाबा धाकट्याच्या कुठल्याच गोष्टीत नव्हते, ते फक्त तिला भेटले होते.

"मला हे माहीत नव्हतं, ताई," धाकटा म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत होतं." ती आईकडे वळली. "आई, शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांना उचललं, तेव्हा त्यांनी श्वास धरला नाही. आपले शांतपणे घेत राहिले. मग मी स्वयंपाकघरात येऊन तुला काय म्हटलं, आठवतंय?"

आईने पदर तोंडाला लावला. तिला आठवत होतं.

"म्हटलं, ऐकलं बाई एकदाचं बाबांनी माझं," थोरली म्हणाली. "किती खूश होते मी त्या सकाळी." आणि मग तिला रडू आवरेना.