दोन अँपिअर

आमच्यात आई पहिल्या पोराचं नाव घेत नाही. चारचौघांत त्याच्याकडे बघत नाही, रडलं तरी आधी दुसरं कुणीतरी उचलतं. लाज असते ती. मीही माझ्या थोरल्याला जन्मात नावाने हाक मारलेली नव्हती. ‘ए ट्रकवाल्या’ म्हणायचे, तो ओ द्यायचा. पण सुनेची, त्याच्या बायकोची बलाराबाची, लाज बघून त्या सकाळी माझं डोकंच फिरलं.

दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली ती, ऐन धुळीच्या वाऱ्यात, थंडीत. मुलगा झाला. एवढासा जीव, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. सिस्टर रिफ्कातूने नाकात प्राणवायूची नळी घातली आणि त्याला उबेच्या पेटीत ठेवलं. आणि तेवढ्यात वुता गेली. आमच्याकडे चुलीतला विस्तवही वुता आणि तारेतली वीजही वुताच. दवाखान्याचा जनरेटर तर ईदच्या आधीपासून मेलेला.

“मी धरते छातीशी,” मी म्हटलं.

“नको, इन्ना,” सिस्टर म्हणाली. “नळी निघेल. सपाटच ठेवायचं त्याला, आणि गरम. गार पडला तर हाती लागायचा नाही.”

सून शेजारच्या खाटेवर तापाने फणफणलेली, तोंड भिंतीकडे. एक शब्द विचारला नाही तिने. माझ्या नणंदा आणि शेजारणी चटईवर बसल्या होत्या, त्यांच्यापुढे तिने असंच वागायला हवं होतं, कबूल. पण इतकं? मनात म्हटलं, बाईचं काळीज आहे की जात्याची तळी!

थोरला धावत ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या घेऊन आला आणि पेटीला जोडल्या. पेटी गारच.

“त्या तारेला दोनशेवीस व्होल्ट लागतात,” सून भिंतीला म्हणाली. “दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून चोवीस. त्यावर ती शंभरातला जेमतेम एक वॅट देईल.”

मुलींच्या तंत्रशाळेत मास्तरीण आहे ती. हेच शिकवते. लग्नात मी म्हटलं होतं, तारा शिजवून घालणार का नवऱ्याला?

मग सिस्टरने आपल्या खोलीतली विजेची शेगडी आणली. थोरल्याने तिच्यातली वेटोळ्याची तार उपसून पेटीच्या तळाशी कौलाचे तुकडे मांडून त्यांवर पसरली, वर तारेला टेकणार नाही असा पत्रा ठेवला आणि बॅटऱ्या जोडल्या. मी पत्र्यावर हात ठेवला. नुसता कोमट. पोराचे तळवे निळसर दिसत होते.

“आणखी तार आण कुठून तरी!” मी ओरडले.

“कापा ती,” सून म्हणाली. “पाव भागच ठेवा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लाकडं काढून घेतली की चूल जास्त पेटते का गं? पोराच्या तोंडची ऊब कापतेस? लाजेलाही काही हद्द असते!”

“इन्ना, लाकूड जळून ऊब देतं. तार तशी नाही. ती वुतेची वाट अडवते. जेवढी लांब, तेवढी जास्त अडवते.” तिला धाप लागली होती. “शेगडीवर लिहिलंय, दोनशेवीस व्होल्ट, साडेचार अँपिअर. भागलं की एकोणपन्नास ओहम. आपल्याकडे चोवीसच व्होल्ट, म्हणून सगळ्या तारेतून जेमतेम अर्धा अँपिअर जातो. बारा वॅट. पाव तार म्हणजे बारा ओहम. मग दोन अँपिअर जातील. चोवीस गुणिले दोन. अठ्ठेचाळीस वॅट.”

थोरला पक्कड हातात घेऊन कधी माझ्याकडे बघे, कधी तिच्याकडे. तार एकच होती. हिशेब चुकला तर कापलेली तार नीट जोडत बसायला वेळ नव्हता.

तेव्हा मला तिचं बोट दिसलं. चादरीवर ती तेच आकडे पुन्हा पुन्हा लिहीत होती. लिहायची, तळव्याने पुसायची, परत पहिल्यापासून. आणि उशी भिजली होती ती काही घामाने नव्हे. अगं बाई, मी कुणाला दगड म्हणत होते!

“बघतोस काय?” मी थोरल्याला म्हटलं. “बायको सांगते तिथे काप.”

त्याने कापली. बारीक कट्‌ आवाज आला. जोडणी झाली, मधे ट्रकचा मीटर लावला.

“किती?” तिने विचारलं.

“दोन,” थोरला म्हणाला. “थोडे कमीच, पण दोन.”

पत्रा तापू लागला. सिस्टरने पोराखाली घडी जाड केली, काखेत तापमापक धरला आणि मान डोलावली. दुपारपर्यंत तळव्यांचा निळेपणा गेला. आणि सून सारखी विचारत राहिली, “किती अँपिअर?” नणंद कुजबुजली, “पोराचं सोडून मीटरचं पडलंय हिला.” मी तिला म्हटलं, “तू पेज पी आपली.” मला कळलं होतं ती काय विचारतेय ते. दर वेळी मीच सांगत होते, “दोन आहेत गं, दोन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीत ओरडा झाला, वुता आली! सिस्टरने पेटीची जुनी तार जोडली. थोरल्याने बॅटऱ्या उचलल्या, मीटर खिशात टाकला.

सून म्हणाली, “किती...” आणि थोरल्याच्या खिशाकडे बघत राहिली. विचारायला आता काही उरलंच नव्हतं. ओठ तसेच उघडे राहिले. मला ते बघवेना.

सिस्टरने पोराची नळी काढली तेव्हा सुनेचा ताप उतरला होता. सगळ्या बायका होत्याच. मी पोर पेटीतून उचललं आणि सरळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं.

“घे,” म्हटलं. “आता तूच मोज.”

“हाय हाय, इन्ना! पहिल्या पोराला? सगळ्यांसमोर?” नणंदेने तोंडावर पदर घेतला.

“गप बस.”

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग पोराकडे. पाहतच राहिली.

थोरला दाराबाहेर घुटमळत होता. तोही बाप, त्यालाही लाज.

“हमीसू,” मी हाक मारली, “आत ये.”

त्याने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल म्हणून.