लाल पोकळा

सुनंदाबाईंचा पाय काही घरात ठरेना. दहा वेळा शेतात जायच्या, वाफ्यापाशी उकिडव्या बसायच्या आणि जीव जळून परत यायच्या. पोकळा वीतभरही झाला नव्हता आणि तुऱ्यावर आला होता. पानं करपून पापडासारखी! यंदाच्या वैशाखात भडगावात नुसती आग ओतली होती. तिसऱ्यांदा पेरला, तिसऱ्यांदा तेच. घरात मूठभर बी उरलं होतं, पण तेही त्याच हिरव्या पोकळ्याचं. ते पेरून काय दिवे लागणार होते?

सासूबाईंच्या बियात सगळं असायचं. हिरवा, लाल, बारीक पानाचा, उशिरा वाढणारा. ऊन पडो की पाऊस, काहीतरी हाताला लागायचंच. वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाईंनी ते बीसुद्धा दोघी सुनांना अर्धं अर्धं मोजून दिलं होतं. पण सुनंदाबाई पडल्या टापटिपीच्या. बाजारात हिरवीगार जुडी उठते म्हणून लाल रोप दिसलं की उपटायच्या. वर्षानुवर्षं उपटलं. वाफा कसा, एका रंगाचा! केवढी ऐट होती त्याची.

धाकटी जाऊ इंदिराबाई मात्र आळशी. तिच्या वाफ्यात सगळी सरमिसळ. मागच्या महिन्यात भाचीच्या हळदीत सुनंदाबाईंनी चार बायांत तिला टोमणा मारला होता, इंदिराच्या वाफ्यात पोकळा कमी अन् कचराच जास्त. बाया खो खो हसल्या. इंदिराबाई खाली मान घालून हळद कालवत राहिली.

आता बी मागायला तिच्याच दारात जायचं म्हणजे नाक मुठीत धरणं आलं. पण परवा येताजाता त्यांनी पाहिलं होतं, इंदिराच्या वाफ्यात लाल पोकळा भर उन्हात ताठ उभा होता. बियांसाठी ठेवलेला, तुरे लोंबत होते. रात्रभर तळमळल्या आणि सकाळी उठून, चहासुद्धा न घेता, तडक तिच्या शेतात गेल्या.

वाफा स्वच्छ होता. लाल म्हणून एक रोप नव्हतं. मधे मधे चार हिरवी रोपं मान टाकून उभी होती.

इंदिराबाई खुरपं घेऊन बांधावर बसली होती. जावेला बघून जरा हसलीच. "तूच सांगेल व्हतं ना, अक्का, लाल पोकळा म्हंजे कचरा शे. मी काल बठ्ठा उपटी टाका."

बांधापलीकडे उपटलेल्या झाडांचा ढीग सुकत पडला होता. सुनंदाबाई तशाच त्यात बसल्या. एकेक तुरा तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची. बहुतेक कच्चेच, पांढुरका भुसा उडून जायचा. मधूनच एखाद्यातून चार काळे चकचकीत दाणे निघायचे. इंदिराबाई आधी नुसती बघत होती, मग जाऊ बियासाठी आलीय हे कळलं तशी सूप घेऊन शेजारी बसली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुपाच्या कोपऱ्यात चिमूटभर बी जमलं होतं. इंदिराबाईनं सासूसारखंच बोटानं त्याचे दोन भाग केले आणि एक पुढं सरकवला.

सुनंदाबाईंनी तो परत तिच्या भागात मिसळला.

"तूच ठेव," त्या म्हणाल्या. "मना हातले निवडानी खोड शे."