आर्ल्सचा शिलिंग

मे महिन्यात टरिफ गावाच्या चौकात माणसं उभी राहतात. विकली जायला नाही, सहा महिन्यांच्या कामाला लागायला, असं तिथले लोक आवर्जून सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला हा फरक कळायला जरा वेळ लागतो, कारण शेतकरी फिरून दंड, खांदे, बूट सगळं बघून घेत असतो. सौदा जमला की टाळी, आणि टाळीवर आर्ल्स. आर्ल्स म्हणजे विसार; एक शिलिंग. ॲबरडीनचे वकील त्याला ‘आगाऊ रक्कम’ म्हणतात, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही. आगाऊ रक्कम पगारातून वळती होते. आर्ल्सचा शिलिंग कधीच वळता होत नाही. तो कामाचा पैसा नव्हे, शब्दाचा. मुठीत घेतला की माणूस सहा महिने बांधला गेला.

त्या वर्षी एल्स्पेट रॅनी सकाळी नऊलाच चौकात आली होती. वय सव्वीस, हात मजबूत, आणि मनात एकच शेत: बर्नसाइड. तिथल्या घरापासून हाकेच्या अंतरावर क्रेगी नावाचं गाव, गावात ॲनीमावशीचं घर, आणि त्या घरात एल्स्पेटची पाच वर्षांची टीनी. टीनीला बाप होता, पण तो कॅनडाला. लग्न राहून गेलं होतं. एल्स्पेट तीस मैलांवर नोकरीला, त्यामुळे लेकीची भेट वर्षातून दोनदा, नोकरी बदलतानाच्या दिवशी. मधल्या काळात मावशी टपालानं लोकरीचा धागा पाठवायची, टीनीच्या उंचीएवढा कापलेला. एल्स्पेट तो दाराच्या चौकटीला धरून बघायची. मागच्या वेळचा धागा कडीपर्यंत आला होता.

“बर्नसाइडवाल्याची वाट बघतेयस?” शेजारी उभ्या बेलनं विचारलं. दोघी एकाच शेतावर कामाला होत्या. “बघ हो. त्याची मोलकरीण सहा वर्षं हललेली नाही. तिला बाहेर काढायला बैलजोडी लागेल.”

“नुसती उभी आहे मी.”

“नुसतं उभं राहायला घरी काय जागा नव्हती? बारा वाजले की आपण उरलेला माल. मग लोक विचारतात, हिच्यात खोट काय म्हणून.”

हे मात्र खरं होतं. त्या बाजारात सकाळी सात पौंडांना मागतात ती बाई दुपारी पाच पौंडांत मिळते.

अकराच्या सुमारास एक ठेंगणा, लाल मानेचा शेतकरी समोर येऊन थांबला. तो हिलहेड. त्या मुलखात शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावानंच हाक मारतात. आई-बापांनी ठेवलेलं नाव चर्चच्या वहीत राहतं.

“लागायचंय का, पोरी?”

“सौद्यावर आहे.”

“अकरा गाई, सहा गडी जेवायला. बायकोची कंबर धरलेली. सहा पौंड.”

“कंबर धरलेल्या बाईची बोलणी पण खावी लागतील. सात.”

“बोलणी मी वीस वर्षं फुकट खातोय,” हिलहेड म्हणाला. “साडेसहा.”

हिलहेड क्रेगीपासून अकरा मैल. एल्स्पेटनं मनातल्या मनात तिसातून अकरा वजा केले. एकोणीस मैल तर जवळ आली. तिनं हात पुढे केला, टाळी वाजली, आणि शिलिंग तिच्या मुठीत आला.

दीडच्या सुमारास बर्नसाइड आला. उंच, चर्चमधल्यासारखा सावकाश चालणारा. सरळ बेलसमोर थांबला.

“स्वयंपाकाला बाई पाहिजे. आमची ती परवा गिरणीवाल्याशी लग्न करून गेली. सहा वर्षं दाणे दळायला जात होती, मला वाटलं दळणच नेतेय.”

बेलनं आधीच आर्ल्स घेतला होता. तिनं एल्स्पेटला कोपरानं ढोसलं. बर्नसाइडच्या स्वयंपाकघराची खिडकी एल्स्पेटला पाठ होती. त्या खिडकीतून ॲनीमावशीचं दार दिसतं.

“मी येते,” ती म्हणाली. “पण माझ्याकडे हिलहेडचा आर्ल्स आहे.”

बर्नसाइड एक पाऊल मागे सरला. “मग मी तुझ्याशी बोललोच नाही.”

“परत केला तर?”

“त्यानं खुशीनं घेतला आणि तसं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर बघू. त्याच्या अंगावर फेकून आलीस तर नको. आज त्याचा फेकलास, उद्या माझा फेकशील. तीनपर्यंत आहे मी.”

हिलहेड खानावळीत मटणाचा रस्सा पीत होता. एल्स्पेटनं शिलिंग त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे काय? कमी भरला का?”

“परत घ्या, अहो. पाया पडते.” आणि मग जे बोलायचं ती पाच वर्षं टाळत आली होती, ते तिथं, रश्श्याच्या वाफेत बोलली. लेक आहे. क्रेगीत आहे. पाच वर्षांत दहा दिवस पाहिली असेल. बर्नसाइडला जागा निघाली आहे.

हिलहेडनं पाव बुडवला, खाल्ला. “लेक आहे ते ठाऊक होतं. अर्ध्या बाजाराला ठाऊक आहे. मी विचारलं नाही, कारण मला गाई पिळणारी हवी होती, पाद्रीण नको.”

“मग सोडा मला.”

“दोन वाजले, पोरी. आता चौकात उरलंय कोण? एक साठीची म्हातारी, आणि एक ती, जिला मागच्या तीन मालकिणींनी हाकललंय. तू गेलीस की आमची जेनेट त्या कंबरेनं अकरा गाई एकटी पिळणार.” त्यानं चमचा खाली ठेवला. “तुझं दुःख खोटं नाही. पण माझ्याही गाई खऱ्या आहेत. मी परत घेत नाही.”

तो काही दुष्ट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. दुष्टाच्या अंगावर शिलिंग फेकता आला असता. पण तसा फेकून बर्नसाइडही मिळत नव्हता. एल्स्पेट उभीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं येऊ दिलं, पण डोकं चालू ठेवलं.

“मग रविवार द्या.”

“रविवार आहेतच. एकाआड एक, दुपारी. संध्याकाळच्या धारेपर्यंत परत.”

“दुपारी निघून अकरा मैल जाऊन परत येईपर्यंत मी रस्ताच बघणार. मला शनिवारच्या धारेनंतर सोडा. सोमवारी पहाटे पाचला मी गाईखाली बसलेली असेन. एकाआड एक आठवडा.”

“आणि रविवारचं दूध कोण काढणार? रविवार देवाचा म्हणून गाई थांबतात होय?”

“पगारातले दहा शिलिंग कापा. त्यात गावातली कुणी येईल.”

“पंधरा.”

“बारा.”

“जेनेट मला फाडून खाईल,” हिलहेड म्हणाला, आणि हात पुढे केला. मग ताटाशेजारचा शिलिंग उचलून त्यानं क्षणभर स्वतःच्या मुठीत धरला आणि तिच्या हातावर ठेवला. “सौदा नवा, तेव्हा आर्ल्सही नवा. आता मात्र घेऊन पळ.”

चौकाकडे जाताना एल्स्पेटनं हिशेब केला. तेरा रविवार, बारा शिलिंग. एक रविवार फुकट पडला. अशा गोष्टीचं समाधान वाटायला त्याच मुलखात जन्मावं लागतं; तिला वाटलं. बर्नसाइड तीन मालकिणींनी हाकललेल्या त्या बाईशी बोलत होता. एल्स्पेटनं लांबूनच ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि त्या बाईचा आर्ल्स काढायला खिशात हात घातला.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती धार काढून निघाली. तिकडच्या उन्हाळ्यात आभाळ झोपतच नाही, वाट स्पष्ट दिसत होती. पोचली तेव्हा टीनी झोपली होती. एल्स्पेट तिच्या कडेला, बूटही न काढता, आडवी झाली.

सकाळी टीनीनं तिला पाहुण्यांची खुर्ची ओढून दिली. ॲनीमावशीला ती आई म्हणायची, हिला एल्स्पेट. मावशीनं डोळे वटारले, एल्स्पेटनं खुणेनं गप्प केलं.

“तू किती झोपा राहणार?” टीनीनं विचारलं.

“झाली एक. आता पंधरा दिवसांनी पुन्हा एक.”

“पंधरा म्हणजे किती?”

एल्स्पेटनं दोन्ही हातांची बोटं पुढे केली. ती पुरली नाहीत, म्हणून टीनीचा एक हात त्यांना लावला. पोरीनं हात काढून घेतला नाही. दुपारभर दोघींनी फार काही केलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकले, आणि टीनीच्या झग्याचा काठ एल्स्पेटनं दोन बोटं खाली सोडला.

सहाला निघावं लागलं. बर्नसाइडच्या कुंपणाशी आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात नवी मोलकरीण बटाट्याची सालं फेकत होती. मागं वळून न बघता ती आत गेली. एल्स्पेट कुंपणाला धरून त्या खिडकीजवळ उभी राहिली आणि तिथून जे दिसतं ते बघत राहिली: उतार, ओढा, मावशीचं दार. दारात टीनी होती. ती हात हलवत नव्हती. बोटं एकेक करून मिटत होती, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

तिचं एकदा तरी बरोबर येईपर्यंत थांबावं असं एल्स्पेटला फार वाटलं. पण अकरा मैल होते, आणि पाचला गाई.