बुडापेस्ट राहिलं

तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा हुसैनमियाँनी तोंडातली शिवी गिळली आणि पाना खाली ठेवला. मस्कतजवळच्या माबेलातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर ते उकिडवे बसले होते. समोर एसीचं बाहेरचं युनिट उघडं पडलं होतं आणि त्याच्या जाळीत बोटभर धूळ साचली होती. एप्रिलातले सकाळचे अकरा, तरी फरशी चपलेतून चटके देत होती. नंबर ओळखीचा नव्हता. लॉटरी लागली म्हणून सांगणारे असे परदेशी नंबर आठवड्यातून एखादा यायचाच. दोनदा त्यांनी फोन कापला होता.

"कोन पायजे?" ते खेकसले.

"काका, कट करू नका, प्लीज. मी श्यामला. नौशीनबरोबर राहते ना, ती. व्हिएन्नाहून बोलतेय."

हुसैनमियाँ उभे राहिले.

"नौशीनला हॉस्पिटलमध्ये आणलंय. अपेंडिक्स आहे. डॉक्टर म्हणतात, आजच ऑपरेशन करायला हवं. ती शुद्धीवर आहे, बोलतेय. पण काका, ती सही करत नाहीये."

"सही? कशाला नाय करीत?"

"म्हणते, गोळी घेतली की थांबेल. दुपारच्या गाडीनं बुडापेस्टला जाऊ म्हणते. खरं तर तीन दिवस दुखतंय तिला, प्रागपासून." श्यामलानं आवाज खाली आणला. "घरी कळवू नका असं तिनं शपथ घालून सांगितलंय. मी गुपचूप तिच्या फोनमधून तुमचा नंबर काढला."

खाली अंगणात कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. हुसैनमियाँना बाकी काही विचारावं लागलं नाही. आपल्या पोरीनं घरी का कळवलं नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जयगडच्या खाडीकाठचा हा माणूस सत्तावीस वर्षं मस्कतमध्ये एसी दुरुस्त करत होता. वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, वर्कशॉपमागच्या गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट. शाळा, दवाखाने, कुरुममधली ऑफिसं, लोकांची घरं, सगळीकडे ते जात, पण मागच्या जिन्यानं आणि थेट गच्चीवर. एकुलती एक नौशीन इथंच वाढली, इथल्याच इंडियन शाळेत शिकली. पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षी कॉलेजनं चौघांना एका सेमिस्टरसाठी जर्मनीला पाठवलं, त्यात तिचं नाव लागलं. तेव्हा हुसैनमियाँनी अख्ख्या वर्कशॉपला हलवा वाटला होता.

मग मार्चअखेर तिनं फोनवर विचारलं. ईस्टरची सुट्टी आहे, आम्ही चौघं प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करणार आहोत, जाऊ? बरोबर श्यामला होती, सोलापूरची. वसईची रोशेल होती. आणि रोशेलच्याच गावचा सॅव्हियो नावाचा एक मुलगा होता.

"शिकायला गेलंस का भटकायला?" हुसैनमियाँ म्हणाले होते. "कोन हा सॅव्हियो? ओळख ना पाळख."

दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी त्यांची बायको अमीरुन्निसा मध्ये पडली. ती एवढंच म्हणाली, "आपन दोघांनी काय बघितला? विमानतळ आनि घर." त्यावर त्यांनी होकार दिला खरा, पण फोन ठेवताना म्हणाले, "जा तुला जायचा तर. पन उद्या काय झाला तर माझ्याकडं रडत येव नको."

पोरीनं ते अक्षरशः ऐकलं होतं.

"तिला फोन दे," हुसैनमियाँ म्हणाले.

पलीकडं कुजबुज झाली. श्यामला काहीतरी समजावत होती, मग नौशीनचं रागावलेलं इंग्रजी ऐकू आलं. मग अगदी बारीक आवाज.

"अब्बा, सॉरी."

"सही कर."

"अब्बा, मी... तुम्ही 'नाही' बोलले होते. मी ऐकलं नाही. सॉरी, अब्बा."

लहानपणापासून तिचं मराठी असंच अडखळत चालायचं. हुसैनमियाँनी गच्चीच्या कठड्याला हात टेकला. कठडा तापला होता, तरी त्यांनी हात काढला नाही. आयुष्यात त्यांनी अर्बाबची, म्हणजे मालकाची, माफी मागितली होती, फोरमनची मागितली होती, गिऱ्हाइकांची तर रोज मागत होते. घरात कधी वेळ आली नव्हती, किंवा आली असेल तर त्यांनी ती ओळखली नव्हती.

"चुकला माझा, बाय," ते म्हणाले. "मी तसा बोलायला नको होता. तू सगळ्यात आधी माझ्याकडंच यायचा. आयकतंस? आता सही कर."

ती रडायला लागली. मग फोन कुणीतरी तिच्या हातून घेतला आणि एक बाई इंग्रजीत बोलू लागली. ती नर्स होती. तिनं आपलं नाव आलियम्मा असं सांगितलं आणि ते केरळी नाव ऐकताच हुसैनमियाँचा चेहरा पालटला. ते एकदम मल्याळममध्ये बोलू लागले.

ही भाषा ते कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते. मस्कतला आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता. रुवीतल्या एका खोलीत आठ माणसं राहत होती. त्यातला कुंजुमोन नावाचा सुतार अकरा दिवस कामावर जाण्याआधी त्यांच्यासाठी तांदळाची कंजी शिजवून उशाशी ठेवायचा. पुढे सहा वर्षं दोघं एकाच खोलीत राहिले. मग कुंजुमोन सुट्टीवर गावी गेला, तो परतलाच नाही. त्याचा पत्ताही कुणाकडे नव्हता. त्याचे आभार मानायचे राहून गेले. त्याची भाषा तेवढी हुसैनमियाँकडे उरली, मोडकी आणि सुतारकामाच्या शब्दांनी भरलेली.

आलियम्मा आधी चकित झाली, मग हसली. तीस वर्षं व्हिएन्नात काढली, म्हणाली, पण मस्कतहून मल्याळम बोलणारा मराठी माणूस पहिल्यांदाच भेटतोय. ऑपरेशन साधं आहे, पण आज व्हायलाच हवं होतं. पोरीनं आत्ताच सही केली आहे. "पेडिक्कंडा, चेट्टा," ती म्हणाली. घाबरू नका, दादा. माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे, मी तिच्याजवळ असेन.

हुसैनमियाँनी युनिटची जाळी बसवली, स्क्रू घट्ट केले, खाली उतरून मालकिणीला सांगितलं की बाकीचं काम उद्या करतो, आणि गाडी काढली. माबेलाहून वादी कबीर म्हणजे पाऊण तासाचा रस्ता. तेवढ्या वेळात त्यांनी अर्बाबला फोन केला. म्हातारा सईद कमी बोलणारा माणूस. त्यानं गाऱ्हाणं पुरतं ऐकलंही नाही. हुसैनमियाँ वर्कशॉपमध्ये पोहोचले तेव्हा मालकाकडे जमा असलेला त्यांचा पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवलेला होता आणि सईद स्वतः दूतावासाला फोन लावून बसला होता. व्हिसाला दोन आठवडे लागतील असं तिकडून उत्तर आलं. सईदनं फोन ठेवला आणि हुसैनमियाँच्या पाठीवर हात ठेवला.

घरी अमीरुन्निसा नमाज संपला तरी जानमाजवरून उठली नाही. हुसैनमियाँ तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. फोन दोघांच्या मध्ये ठेवला होता.

"एकटी हाय तिकडं," अमीरुन्निसा म्हणाली.

"एकटी नाय," हुसैनमियाँ म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांना जाणवलं की ज्यांच्या भरवशावर आपण हे बोलतोय, त्यातल्या एकाचाही चेहरा आपण पाहिलेला नाही.

अस्रची, तिसऱ्या प्रहरची, बांग झाली आणि थोड्या वेळानं श्यामलाचा मेसेज आला. ऑपरेशन झालं. सगळं ठीक आहे. अजून तास-दोन तास उशीर झाला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. खाली नौशीनचा फोटो होता, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले. अमीरुन्निसानं फोटोवरून बोट फिरवलं तर तो मोठा झाला आणि पडद्यावर नुसतं पोरीचं कपाळ उरलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

पुढचे पाच दिवस व्हिएन्नाहून आवाजाचे निरोप येत राहिले. दुपारचं जेवण झालं की नवरा-बायको शेजारी बसून ते ऐकत. त्यातून त्यांना हळूहळू कळत गेलं की बुडापेस्टला कुणीच गेलं नाही. हॉस्टेलवाल्यानं त्यांना खोली वाढवून दिली. हॉस्पिटलात भेटायच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे तिघांनी पाळ्या लावल्या. रोशेल सकाळी यायची, नौशीनची वेणी घालून द्यायची. श्यामला डॉक्टरांशी बोलायची आणि सगळं वहीत लिहून ठेवायची, घरी सांगताना चूक नको म्हणून.

एका निरोपात नौशीन हसत होती. हसताना टाके दुखत होते, म्हणून मध्येच थांबत होती. "अम्मी, अब्बा, आज सॅव्हियोनं माझ्यासाठी पेज बनवली. हॉस्टेलच्या किचनमध्ये. त्याची आई बनवते म्हणे तशी. तांदूळ शोधायला तो दोन तास फिरला. मीठ जास्त पडलं. पण मी सगळी संपवली."

हुसैनमियाँ उठून खिडकीपाशी गेले. खाली वर्कशॉपच्या रांगेत कुणी पत्रा ठोकत होतं.

"काय झाला?" अमीरुन्निसानं विचारलं.

"काय नाय. त्या पोराचा बाप काय करतो, विचार तिला."

"कशाला?"

"असाच. त्याला फोन करतंय. म्हनतंय, पोरगा चांगला वाढवलाव."

फोन त्यांनी खरंच केला. सॅव्हियोचे वडील वसईत सुतारकाम करत होते. दोन अनोळखी बापांचं बोलणं चार मिनिटांत संपलं, त्यातली दोन मिनिटं पाऊस कधी येणार यावर गेली. पण फोन ठेवल्यावर हुसैनमियाँ दिवसभर गुणगुणत होते.

नौशीन जर्मनीला परतली. तिच्या वर्गाला सुरुवात झाली. पंधरा दिवसांनी तिनं नेहमीसारखा फोन केला. अभ्यास, जेवण, टाके असं सगळं बोलून झाल्यावर हुसैनमियाँ म्हणाले, "बुडापेस्ट राहिला ना तुमचा?"

"हो. पण इट्स ओके, अब्बा."

"माझ्यापायी राहिला."

"तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"मी तसा बोललो नसतो तर तू प्रागलाच डॉक्टर गाठला असतास. जूनला परत सुट्टी हाय म्हनलीस. चौघांनी जावा. तुझ्यासाठी त्या तिघांचापन राहिलाय."

मग त्यांनी आणखी एक अट घातली.

"आनि जाताना मला सांग, तिथं काय काय हाय ते. आधी सांग. मी पन बघतंय."

मग खरोखरच ते पाहू लागले. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत ते फोनवर नकाशा उघडून बसत. नदीच्या एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट, आणि मध्ये पूल, ही गोष्ट त्यांनी सहकाऱ्यांना तीनदा तरी सांगितली. "जयगडच्या खाडीवर पूल झाला असता तर आमचापन एकच गाव झाला असता," असं म्हणून स्वतःच हसले. जूनमध्ये चौघांचा पुलावरचा फोटो आला. त्यात वाऱ्यानं सगळ्यांचे केस उडत होते आणि नौशीन तोंड उघडं टाकून हसत होती. हुसैनमियाँनी तो पहिल्यांदा म्हाताऱ्या सईदला दाखवला. सईद एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारत गेला, हा कोण, ही कोण, आणि हुसैनमियाँ आपल्याच घरातल्या मुलांची सांगावीत तशी एकेकाची नावं सांगत गेले.

ऑगस्टमध्ये सेमिस्टर संपलं. सॅव्हियो आणि रोशेल थेट मुंबईला गेले. नौशीन मस्कतमार्गे जाणार होती आणि हुसैनमियाँनी हट्टच धरला की श्यामलानंही दोन दिवस उतरून जावं. दोघींचे व्हिसा त्यांनी स्वतः खेपा घालून काढले. अमीरुन्निसानं दोन दिवस आधीच सुरमई आणून मसाला लावून ठेवली, मग कुणीतरी म्हणालं की सोलापूरकडची पोरगी मासे खाईल की नाही कुणास ठाऊक, म्हणून भरली वांगीही केली.

श्यामलाला काय बोलायचं, ते हुसैनमियाँनी ठरवून ठेवलं होतं. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी ते बायकोला म्हणून दाखवलं. "तू त्या दिवशी फोन केलास. मी दोनदा कापला, तरी तू तिसऱ्यांदा केलास. शपथ मोडून केलास. तुझे उपकार..." इथपर्यंत येऊन ते अडले.

"एवढा बोलाल तर ती पोर घाबरंल," अमीरुन्निसा म्हणाली.

काचेचं दार सरकलं आणि गर्दीतून नौशीन धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. तिच्यामागून एक बुटकी, चष्मा लावलेली, सावळी मुलगी मोठी बॅग ओढत येत होती. प्रवासानं तिचे डोळे सुजले होते. हुसैनमियाँच्या समोर येऊन ती थांबली आणि संकोचून हसली.

"नमस्कार, काका."

हुसैनमियाँनी तोंड उघडलं. पाठ केलेल्यातलं एक अक्षर आठवेना.

"जेवलंस काय?" ते म्हणाले.

"विमानात खाल्लं थोडं."

"विमानातला काय खाना!" त्यांनी वाकून तिच्या हातातली बॅग घेतली. बॅग चांगलीच जड होती, पाच महिन्यांचा संसार होता तिच्यात. एका झटक्यात त्यांनी ती उचलून खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले.

"काका, अहो! चाकं आहेत तिला!" श्यामला मागून धावली.

"अब्बा, प्लीज! ओढा ना ती!" नौशीन ओरडली.

अमीरुन्निसानं मुलीचा दंड धरला. "असू दे," ती म्हणाली.

बाहेर ऑगस्टचा उकाडा अंगावर येऊन आदळला. गाडी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला होती. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची पाठ घामानं भिजत गेली, तरी मध्ये कुठे थांबून त्यांनी खांदा बदलला नाही, आणि गाडीपर्यंत पोहोचेतो त्या पोरीच्या सामानाला जमीन लागू दिली नाही.