बिनमटणाचे सहा आठवडे

शनिवारी संध्याकाळी कामगार घरी गेले की गणपतराव शटर अर्धं खाली ओढून घेत आणि भंगाराच्या काट्यावर चढत. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. ज्या काट्यावर लोखंडाचा बुरा तोलायचा, त्याच काट्यावर गेले सहा आठवडे ते स्वतःला तोलत होते. आज काट्यानं सत्त्याण्णव दाखवलं. ज्या दिवशी मटण सोडलं, त्या दिवशी चौऱ्याण्णव होतं.

काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी वीस किलोचं माप ठेवून बघितलं. ते वीसच भरलं. मग चपला काढल्या, मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, सगळं बाजूला ठेवून पुन्हा चढले. सत्त्याण्णव. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभे राहिले.

हौस म्हणून वजन उतरवणाऱ्यांतले गणपतराव नव्हते. बायकोच्या, संयोगिताबाईंच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. आपली एक किडनी द्यायला गणपतराव एका पायावर तयार होते. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं, फक्त डॉक्टर म्हणाले, "आधी पंच्याऐंशीवर या. या वजनाला मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. काय खाताय, किती खाताय, ते जरा बघा."

गणपतरावांनी त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला आपल्या अंगावर काय चढलंय हे डॉक्टरनं सांगावं लागत नाही. रविवारी सकाळी स्वतः दुकानात उभं राहून मटण आणायचं, मसाला स्वतः भाजायचा, रस्सा स्वतः फोडणीला टाकायचा आणि त्या पातेल्याजवळ घरातल्या बाईला फिरकू द्यायचं नाही, अशी त्यांची तीस वर्षांची रीत. बुधवारी पुन्हा तेच. तर मटण सोडायचं, की झालं. त्याच आठवड्यात गुरुवारी दोघं नवराबायको नृसिंहवाडीला गेले. पादुकांसमोर गणपतरावांनी बोलून टाकलं, वजन उतरेपर्यंत मटण बंद. शेजारी संयोगिताबाईही डोळे मिटून बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

आणि आता हे असं. पालेभाजी खाऊन माणूस फुगतो कसा, हे त्यांना काही केल्या कळेना. कुणी म्हणालं, भात सोडा. कुणी म्हणालं, मटण सुटल्यानं अंगातली ताकद गेली, ही सूज आहे. मोबाईलमधला एक बाबा म्हणाला, शाकाहारानं माणूस हलका होतो. त्याच्याच खालचा दुसरा म्हणाला, अजिबात होत नाही. म्हशी तरी कुठं मटण खातात, असाही विचार एकदा गणपतरावांच्या मनात येऊन गेला आणि त्यांना घाम फुटला.

शेजारच्या नटबोल्टच्या दुकानातला रेवणसिद्ध त्यांचा जुना दोस्त. लिंगायताचं घर, सात पिढ्यांत कुणी अंडं शिवलेलं नाही आणि हा गडी सळईसारखा सरळ. त्याच्याकडे बघून धीर यायचा. पण त्याच घरातलं तेच जेवण जेवून बसम्मावहिनी रिक्षात एकट्याच मावायच्या, हे आठवलं की धीर पुन्हा सुटायचा.

सोमवारी दोघं दुपारचं जेवायला बसले. तीस वर्षं शेजारी बसून जेवत होते, पण रेवणसिद्धनं गणपतरावांच्या डब्याला कधी बोट लावलं नव्हतं. डबा मटणाचा. आता नवसापायी डबाही नवा कोरा घेतला होता. गणपतरावांनी तो पुढं सरकवला. रेवणसिद्धनं घास घेतला आणि चावायचा थांबला.

"गणपतराव, ही कशाची भाजी?"

"दोडक्याची."

"दोडका कुठं हाय ह्यात?"

गणपतरावांनी वाकून बघितलं. शेंगदाण्याचं कूट होतं, वर बोटभर तूप होतं. रेवणसिद्धनं भाकरीचा पापुद्रा उचलला. आत लोण्याचा गोळा विरघळून बसला होता.

"आमच्यात लग्नाच्या पंगतीला एवढं तूप वाढत न्हाईत," तो म्हणाला.

गणपतरावांनी डबा झाकला. दिवेलागणीला घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर नेहमीची दोन पातेली होती. छोट्यात संयोगिताबाईंची बिनमिठाची भाजी, मोठ्यात त्यांची. तुपाचा पाच किलोचा डबा त्यांनी उघडला. तळ दिसत होता.

"संयोगिता, हे काय हाय?"

"तूप हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"मुद्दाम घालतीस?"

"व्हय."

"आगं, पर का?"

"तुमी पंच्याऐंशीवर आला की ते तुमास्नी कापणार." बाईंनी विळी बाजूला सारली. हातावरची सुयांची निळी गाठ पदरानं झाकली. "माझ्या अंगाची चाळण झालीया ती झालीया. घरात एक तरी माणूस धड ऱ्हाऊ दे."

गणपतरावांना एकदम वाडी आठवली. "त्या दिवशी देवाजवळ काय मागितलंस तू?"

"ह्यांचं वजन उतरू नये म्हणून."

गणपतराव मटकन पाटावर बसले. एकाच दिवशी, एकाच पादुकांसमोर, खांद्याला खांदा लावून दोघांनी उलटसुलट मागून ठेवलं होतं. हसावं की रडावं ते कळेना, आणि मग कळायच्या आतच डोळे भरून आले.

"मग कुणाचं ऐकलं दत्तानं?" बाईंनी हळूच विचारलं.

"आजपातुर तरी तुझंच." त्यांनी नाक पुसलं. "पर तू गेलीस तर ही सत्त्याण्णव किलो घेऊन मी काय करू? कुणासाठी वागवू?"

 संयोगिताबाईंनी तुपाच्या डब्याला झाकण लावलं, पण तो उचलून आत ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना गणपतरावांचा हात कचरला. आत दोन कोरड्या भाकरी होत्या आणि दोडका होता. फोडीच फोडी दिसत होत्या. रेवणसिद्धनं घास घेऊन तोंड वाकडं केलं.

"मीठच न्हाय की हो ह्यात."

गणपतरावांनीही घास घेतला. खरंच नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, घाईत विसरली. मग ती चव त्यांना ओळखू आली. गेले आठ महिने ती त्यांच्या घरात रोज छोट्या पातेल्यात शिजत होती आणि त्यांनी ती एकदाही चाखली नव्हती. आज घरात एकच पातेलं चढलं होतं.

रेवणसिद्धनं आपल्या डब्यातली लसणाची चटणी त्यांच्यापुढं केली. गणपतरावांनी ती नको म्हणून हातानं बाजूला सारली, आणि भाजी शेवटच्या फोडीपर्यंत संपवली.