चौपदरी हॉल

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्रमिलाबाई पतंग्यांच्या हॉलची चौपदरी घडी पडली. यात स्पीकर बनवणाऱ्यांचा काही दोष नव्हता, की कराडच्या विजेचाही नव्हता. चूक प्रमिलाबाईंच्या हाताची होती, आणि तो हात चांगला कसलेला असल्यामुळे घडीसुद्धा बघत राहावं अशी पडली. कुठं चुणी नाही, कडेला कड बरोबर लागलेली.

प्रमिलाबाई ब्लाऊज शिवतात. त्यांचे यजमान मुरलीधरराव एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर इंजिनाच्या बाजूला उभं राहून राहून त्यांचा डावा कान गेला आणि उजवा नावापुरता उरला. निवृत्तीनंतर ते टीव्ही लावायला लागले तेव्हा बातम्या अख्ख्या गल्लीला फुकट मिळू लागल्या. प्रमिलाबाईंचं मशीन पूर्वी हॉलमध्येच खिडकीखाली असायचं. त्या आवाजात सुई तुटली तरी कळेना, म्हणून त्यांनी मशीन मागच्या खोलीत हलवलं. तेव्हापासून नवराबायकोचा संसार भिंतीआडून चालला होता. "चहा!" असं इकडून ओरडायचं आणि "ठेवलाय!" असं तिकडून. संध्याकाळची मालिका दोघंही बघायचे, म्हणजे ते बघायचे आणि त्या भिंतीतून ऐकायच्या.

म्हणून पुण्याच्या लेकीनं, रोहिणीनं, जेव्हा फोनवर सांगितलं की असे स्पीकर मिळतात, त्यांना वायर नसते, ते आपसात जोडून घेतात, आणि आवाज मोठा न करता थेट माणसाच्या कानापाशी आणून सोडतात, तेव्हा प्रमिलाबाईंनी लगेच मागवून टाकायला सांगितलं. एरवी साधी पळी घ्यायची तरी त्या चार दुकानं हिंडतात. पण आवाज हळू झाला की मशीन परत खिडकीखाली आणायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून मालिका बघायची, एवढं त्यांनी मनात पक्कं करून ठेवलं होतं. हे त्यांनी मुरलीधररावांना सांगितलं नाही. अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

खोका आला. त्यात पाच स्पीकर होते आणि पोटातून घुमणारा एक जाडजूड डबा. दुकानाचा माणूस जोडून द्यायला दोन-तीन दिवसांत येणार होता, पण तेवढा धीर कुणाला होता! दोघांनी मिळून दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूंना ठेवले, एक शोकेसवर, एक खिडकीत, एक देवाच्या फळीखाली. मग सगळं फोनवरून जुळवायचं होतं. फोनवर लिहून आलं, "ऐकणाऱ्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर भरा."

प्रमिलाबाईंना मनापासून बरं वाटलं. बाकी काही नाही तर माप घेणं त्यांना येत होतं. टेप नेहमीप्रमाणे गळ्यात होतीच.

"बसा तुमच्या खुर्चीत," त्या ओरडल्या. "आणि हलू नका."

मुरलीधरराव फोटो काढायचा असल्यासारखे ताठ बसले. प्रमिलाबाईंनी टेपचं एक टोक त्यांच्या उजव्या कानाला लावलं, दुसरं स्पीकरला, आणि एकेक आकडा तोंडानं म्हणत पॅसेजमध्ये गेल्या, कारण चार्जर तिथं होता. तिथं उभं राहून त्यांनी आकडे भरले. आता, ब्लाऊज बेतताना कापड चौपदरी घालतात, त्यामुळे छातीचं माप कितीही असो, कापडावर त्याची चौथाईच घ्यायची असते. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की भागाकार डोक्यात न होता थेट बोटात व्हायचा. त्यांनी पाचही मापांची चौथाई भरली.

"तुमची खोली मापाप्रमाणे जुळवत आहोत," फोन म्हणाला.

पाच ठिकाणांहून पाच शिट्या वाजल्या. टीव्हीची भिंत पायापासून सुटली, सावकाश आडवी आली आणि समोरच्या भिंतीवर टेकली. मग एकदा उभी घडी पडली. शोकेसमधल्या कपबश्यांनी आवाजही केला नाही. जिथं हॉल होता तिथं आता भिंतीला टेकून गोधडीच्या घडीएवढा हॉल उभा होता, आणि रस्त्याकडचं दार थेट पॅसेजला येऊन भिडलं होतं.

प्रमिलाबाईंनी घडीचा एक कोपरा उचलला. आत मुरलीधरराव खुर्चीत बसले होते. अर्धेच. एक डोळा, अर्धी मिशी, उजवा कान.

"अहो, तुम्ही अर्धेच दिसताय."

"घडीवर बसलोय न्हवं का मी?" मुरलीधरराव म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर जन्म काढल्यावर एवढं कुणालाही कळतं. "उलगडलं की दुसरी बाजू येईल."

"दुखतंय का?"

"छ्या! अगं, बातम्या देणारी मधी श्वास घेती त्योसुदिक ऐकू येतोय मला. लय भारी. ये की आत."

प्रमिलाबाईंनी आत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि पुढं जागाच नव्हती. मुरलीधररावांनी अर्ध्या हातानं तो दाबला आणि सोडून दिला, कारण बातम्या चालू होत्या.

त्यांनी रोहिणीला फोन लावला.

"हॉलची घडी झाली," त्या म्हणाल्या. "बाबा आत आहेत."

"तू चौथाई घेतलीस का?" रोहिणीनं विचारलं. शिंपिणीची पोर ती.

"घेतली असेल."

"मग पूर्ण माप टाक ना आई. सोपं आहे."

सोपं होतंच. प्रमिलाबाईंनी पुन्हा टेप आत सोडली, मुरलीधररावांनी ती कानाशी धरली, आणि या वेळी प्रमिलाबाई पूर्ण आकडे मोठ्यानं म्हणत राहिल्या, म्हणजे विसरायला नको. तोंड पूर्ण आकडा म्हणत होतं आणि अंगठा चौथाई टाकत होता. शेवटचा आकडा गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर पाच शिट्या वाजल्या होत्या.

आता हॉल ब्लाऊजपीसएवढा झाला. प्रमिलाबाईंनी तो दोन्ही हातांवर घेतला, मागच्या खोलीत नेला आणि कटिंगच्या टेबलावर ठेवला. वजन फार नव्हतं. ऊब मात्र होती, आणि कान लावला तर आत जाहिराती ऐकू येत होत्या.

तेवढ्यात साळुंखेबाई ब्लाऊज न्यायला आल्या. रस्त्यावरून त्यांनी एक पाऊल टाकलं आणि त्या थेट मागच्या खोलीतच आल्या, कारण मधलं घर आता तेवढंसं उरलं नव्हतं. त्यांची नजर टेबलावर गेली.

"अय्या, हे कुठलं कापड? पोत किती सुरेख आहे!"

"तो आमचा हॉल आहे."

"ह्यात माझं एक होईल का? लांब बाहीचं?"

"नाही व्हायचं. आत हे बसलेत."

"असं होय." साळुंखेबाईंनी घडीचा एक पदर चिमटीत धरून चोळून पाहिला. आतून मुरलीधररावांच्या हसण्याचा आवाज आला. "खुशीत दिसतात."

"खुशीतच आहेत."

"मग राहू द्या," साळुंखेबाई म्हणाल्या, आपला ब्लाऊज घेतला आणि मागं वळून एका पावलात रस्त्यावर पोचल्या.

त्या गेल्यावर दार आणखी आत आलं. स्पीकर अजूनही जुळवून घेत असावेत. स्वयंपाकघर सरकत सरकत मशीनच्या मागं येऊन थांबलं, मशीन भिंतीत मिसळलं, आणि कटिंगच्या टेबलाला तिन्ही बाजूंनी भिंती येऊन लागल्या. चौथ्या बाजूला प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या पाठीला हळूच दार टेकलं. त्यांना भीती वाटली नाही, आपलंच दार ते. वाईट मात्र वाटलं, आणि खरं सांगायचं तर मुरलीधररावांचा थोडा रागही आला. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं, आता कापडापलीकडून ऐकायचं! एव्हाना संध्याकाळ होऊन मालिकेची वेळ होत आली होती. आत माणूस एकटाच राजासारखा बसला होता आणि बाहेर त्यांच्या नशिबी पुन्हा उभं राहून कान लावणं आलं होतं.

"अहो!" त्या सवयीनं ओरडल्या.

"वरडू नको," आतून आवाज आला. "ऐकू येतंय मला. तूच आत ये."

"जागा कुठाय?"

"ती मला काय म्हाईत? माप तू घेतलंस."

हे मात्र खरं होतं. प्रमिलाबाईंनी फोन पुन्हा डोळ्यांपुढं धरला आणि मापांच्या खाली बोट सरकवलं. मघाशी घाईत त्या इतक्या खाली गेल्याच नव्हत्या. खाली लिहिलं होतं, "ऐकणारे किती?" आणि पुढं आधीपासूनच एक असा आकडा होता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो आकडा पुसला. दोन लिहायचं होतं, आणि अंगठा दोनाची चौथाई करायला निघालेला त्यांना स्पष्ट जाणवला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, लहान मुलाला पाटीवर गिरवायला लावावं तसा तो अंगठा नेला आणि दोन लिहिलं. पूर्ण दोन.

या वेळी शिट्या वाजल्या नाहीत. टेबलावरच्या घडीचा वरचा पदर जरासा उचलला गेला.

प्रमिलाबाई टेबलावर चढल्या. गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली, पदर खोचला, आणि ब्लाऊज घालताना जसं आधी डोकं घालतात तसं आधी डोकं घातलं. मग खांदे गेले. मग बाकीच्या त्या गेल्या, अर्ध्या. दुसरा अर्धा भाग घडीच्या पलीकडे राहिला असावा, पण त्याची उणीव भासली नाही.

आत छान होतं. उजेड टीव्हीचा तेवढाच होता. शोकेस, खिडकी, देवाची फळी, सगळं हाताशी आलं होतं. खुर्ची एकच होती, पण दोन अर्ध्या माणसांना एक खुर्ची पुरते. प्रमिलाबाई टेकल्या. त्यांचा खांदा मुरलीधररावांच्या खांद्याला लागला.

"आलीस व्हय?" मुरलीधरराव म्हणाले. इतक्या हळू की प्रमिलाबाईंना आधी वाटलं, टीव्हीतलंच कुणी बोललं.

"आले."

"कालच्या मालिकेतला त्यो शिपाईगडी आठवतोय का? त्योच चोर निघाला."

"मला तर पहिल्यापासून संशय होता."

"मग बोलली न्हाईस कधी."

"ओरडून काय सांगायचं?"

मुरलीधरराव हसले. त्यांचं हसणं खांद्यातून खांद्यात आलं. प्रमिलाबाईंना इतका आनंद झाला की मशीन, उद्याची गिऱ्हाइकं, चुलीवरचं दूध, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. मालिका सुरू झाली. गाणं पाच बाजूंनी आलं आणि नेमकं दोघांच्या मधोमध येऊन बसलं.

गाणं संपता संपता त्यांच्यावरून एक सपाट हात फिरला. बाहेरून. टोकापासून टोकापर्यंत, एकही चुणी न ठेवता, सरावानं. मुरलीधररावांनी मान हलवली नाही.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हात चांगला आहे."

"टीव्ही बंद करू का?"

"नको. चालू द्या."

मग गार, कोरडं काहीतरी टेकलं. कापड बेतायचा खडू होता. तो मुरलीधररावांच्या कानापाशी टेकला, मानेवरून गोलाकार खाली आला, न अडखळता पुढं सरकला, आणि दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते तिथं येऊन थांबला.